फिरती ढाल

फैजपूरच्या पोरानं झेप घेऊन चेंडू जमिनीपासून वीतभर वरच झेलला. सावद्याचा शेवटचा गडी बाद, सामना फैजपूरचा. अंपायर नेहेतेतात्यांनी ते स्पष्ट पाहिलं.

तीस वर्षांपूर्वी चौदा संघांची ही बेसबॉल लीग त्यांनीच उभी केली. सलग तीनदा जिंकेल त्याला फिरती ढाल कायमची, हा नियमही त्यांचाच. आता उरले दोनच संघ, आणि फैजपूरचा हा सलग तिसरा विजय. मग पुढच्या वर्षी खेळायचं कशासाठी?

"झेल नाही! चेंडू टेकला!" तात्या ओरडले. तेवढ्यात बेसवर थांबलेल्या सावद्याच्या दोघांनी धावत होमप्लेट गाठून दोन धावा केल्या. सामना फिरला.

ढाल घ्यायला सावद्याचा कप्तान आला, पण हात पुढे करेना.

"तात्या, झेल चोख होता. ढाल त्यांनाच द्या. पुढच्या वर्षी आमचा संघच नसणार आहे."