नुसतं आमेन

घरी शिकवायला येणाऱ्या मास्तरांनी भावंडांना मिसाची, म्हणजे देवळातल्या रविवारच्या उपासनेची, लॅटिन उत्तरं वाटून दिली. "इनास, तू पंधराचा. तुला पापकबुलीची लांब प्रार्थना. फिलू नऊची, तिला नुसतं आमेन पुरे."

फिलू त्याचा कागद वाचायला गेली, तर इनासने हिसकावला. "चल हट! पोरींना वेदीवर कोण घेतंय?"

रविवारी ठाण्याच्या देवळात वेदीपाशी गुडघ्यावर बसलेला इनास तिसऱ्याच ओळीला अडला. मागून, बायकांच्या पहिल्या बाकावरून, फिलू घरी त्याचं घोकणं ऐकून पाठ झालेला एकेक शब्द हळूच सांगत गेली. तो तिच्यामागून म्हणत गेला.

बाहेर फादरनी पाठ थोपटली. "शाब्बास! कोणी करून घेतलं पाठ?"

"कोणी नाय," इनास चपलेकडे बघत पुटपुटला. "माझं मीच."

फादरनी फिलूकडे पाहिलं.

"खरंच फादर," ती म्हणाली, "मला तर नुसतं आमेन येतं."