कोरडं चाक

"रेस वाढव! अजून वाढव!" आप्पा बांधावरून ओरडले.

लेकीनं वाढवला. छोटा ट्रॅक्टर नुसताच गुरगुरला. डावीकडच्या दोन्ही चाकांनी गरागरा फिरून आप्पांच्या पँटवर चिखल उडवला. ट्रॉलीतल्या लिंबांच्या पेट्या थरथरल्या आणि होत्या तिथेच राहिल्या.

उंटावरून शेळ्या हाकायची आप्पांना सवयच होती, पण आज त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. धाकटा मुलगा शनिवारी परत येत होता. त्याचं तिसरं दुकानही बसलं होतं. "आता बाग आणि ट्रॅक्टर मीच बघतो," असं तो काल फोनवर म्हणाला आणि आप्पा 'बरं' म्हणून मोकळे झाले. आता सहा वर्षं ही बाग सांभाळणाऱ्या लेकीला ते सांगायचं होतं. त्यासाठीच तर ते बागेत आले होते. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं होतं आणि तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून मिटलं होतं.

"थांब, थांब." ते खाली उतरले, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि चक्रावून गेले. डावी चाकं फुटलेल्या पाइपाच्या पाण्यात रुतली होती, ती फिरत होती. उजवी दोन कोरड्या गवतावर होती, ती ढिम्म.

"चारही चाकं ओढतात म्हणून घेतला ना हा? ज्याला त्याला सांगत सुटलो होतो मी!"

"ओढतात की. चारही घट्ट जमिनीवर असली, तर."

"मग ही दोन उभी का? चांगली जमीन तर यांच्याच खाली आहे."

"म्हणूनच उभी आहेत, आप्पा. जे चाक घसरतं त्याला फिरणं सोपं. सगळं फिरणं मग त्याच्याकडेच जातं."

"आणि जे पाय रोवून उभं आहे, त्याला?"

"काही नाही."

आप्पांना हे काही केल्या पटेना. ते उजव्या चाकाकडे बघत राहिले, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. "हा कुठला न्याय? कुणी केली असली रचना?"

"मला काय विचारता? घरात तुम्हीच आणलात."

तिनं चाकं थांबू दिली. मग सीटखालच्या एका छोट्या पेडलवर उजवी टाच दाबली. "हे लॉक. आता मागच्या दोघांना बरोबरीनंच फिरावं लागेल." तिनं क्लच हळूच सोडला. कोरड्या चाकानं गवत धरलं आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वर आला. वळायच्या आधी तिनं टाच उचलली.

"हे आधीच का नाही केलंस?"

"तुम्ही रेस वाढव म्हणत होतात."

आप्पांनी मागे पाहिलं. डावं चाक होतं तिथे गुडघाभर खड्डा पडला होता. उजवं चाक जिथे उभं होतं, तिथलं गवत जेमतेम विस्कटलं होतं. त्यांनी घसा खाकरला. "बाळ, तो धाकटा..."

"माहीत आहे. काल मलाही फोन आला होता त्याचा. ट्रॅक्टरची किल्ली कुठे असते, विचारत होता."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, आप्पांना विचार."

आप्पा पुरते गोंधळले. ही मघापासून ट्रॅक्टरबद्दलच बोलत होती ना? त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती पेट्यांची दोरी आवळत होती, चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग एकाएकी त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

दोरी बांधून ती पुन्हा सीटवर बसली. आप्पांनी मडगार्ड धरलं आणि चिखलाचा बूट पायरीवर ठेवला.

"ते पेडल दाखव मला," ते म्हणाले. "टाच नेमकी कुठे ठेवायची?"