बावीसवर अडलेला समुद्र

"बावीस!" शरच्चंद्ररावांनी कपाळावर हात मारून घेतला. "मघाशी अठ्ठावीस, आता बावीस. मला फक्त पंचवीस हवंय हो!"

बैठकीत नव्या काचेच्या टाकीसमोर ते मांडी ठोकून बसले होते. टाकी पोलोग्राउंड भागातल्या एका वर्कशॉपातून मुद्दाम करून आणलेली. तळाशी धुतलेली वाळू, वर चार घागरी पाणी, आणि त्या पाण्यात तरंगणारा लॅक्टोमीटर.

शरच्चंद्रराव म्युनिसिपालिटीत दूध-इन्स्पेक्टर. काचेची ही नळी दुधात सोडायची. दूध चोख असेल तर ती वर राहते, पाणी घातलेलं असेल तर खाली जाते. तिच्यावरचा आकडा वाचायचा, झालं. होळकरांचं राज्य गेलं, मध्य भारत आला, कचेरीवरची पाटी बदलली, नळी तीच राहिली. गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन समुद्रातले मासे पाहिल्यापासून त्यांना ते घरात हवे झाले होते. खारं पाणी मोजायचं यंत्र इंदुरात कुठून मिळणार? पण पुस्तकात लिहिलं होतं, समुद्राचं पाणी पंचवीस भरतं. चांगलं दूध अठ्ठावीस. म्हणजे एकाच नळीवर समुद्र आणि म्हैस शेजारी शेजारी! या शोधावर स्वारी आठ दिवस खूश होती.

दुपारच्या गाडीनं मेहुणा मुंबईहून दोन मासे बरणीत घालून देऊन गेला. पिवळेधमक, अंगावर काळे पट्टे. आता बरणीतलं पाणी गढुळलं होतं आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दिवे लागायची वेळ झाली होती. फार वेळ हातात नव्हता.

पहिल्यांदा शरच्चंद्ररावांनी मोजून आणलेलं सगळं मीठ ओतलं, वर घरच्या डब्यातल्या चार मुठी. नळी अठ्ठावीसवर गेली.

"अठ्ठावीस?" कुमुदिनीबाई दारातून म्हणाल्या होत्या. "मग चहा ठेवू का याचा?"

शरच्चंद्ररावांना ते अजिबात आवडलं नाही. घाईघाईत एक अख्खी घागर ओतली आणि समुद्र पार बावीसवर आला.

"अगं, मीठ आण थोडं."

"डबा तुम्हीच रिकामा केलात."

"मग शेजारच्या इंदिराबाईंकडून माग."

"दिवेलागणीला मीठ? द्यायच्या नाहीत त्या. आणि दुकानदारही या वेळी मिठाच्या पोत्याला हात लावत नाही. सकाळपासून काय झोपला होता?"

कुमुदिनीबाईंच्या बोलण्याला आज जरा जास्तच धार होती, आणि त्याला कारण मेजावर पडलं होतं. तो कागद, दूध चोख असल्याचा दाखला, सहीसाठी थांबला होता. सही झाली की उद्यापासून मुलांच्या एका बोर्डिंगाला रघुवीर दूधवाला दूध घालणार होता. ऐंशी पोरं. हाच रघुवीर त्यांच्याही घरी दूध घालायचा, आणि कुमुदिनीबाई तीन महिने एकच सांगत होत्या, की दूध पातळ आहे आणि वर गोडसर लागतं.

"नळी अठ्ठावीस दाखवते," शरच्चंद्रराव दर वेळी सांगत. "मी नळीवर विश्वास ठेवू की तुझ्या जिभेवर?"

"माझी जीभ म्युनिसिपालिटीची नाही ना, म्हणून!"

एवढ्यात रघुवीर स्वतःच दारात उभा राहिला. डोक्यावर पांढरा फेटा, हात जोडलेले. कागद न्यायला आला होता.

"राम राम साब. कागद हुई गयो कई?"

"थांब रे बाबा, इथं जीव जातोय," शरच्चंद्ररावांनी टाकीकडे बोट केलं. "पंचवीस चाहिए, बावीस आला. घर में नमक खतम."

रघुवीर पुढं आला. टाकीतली नळी बघितल्यावर त्याचा चेहरा खुलला. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना त्याची मदत लागत होती, आणि ते सुद्धा त्याच्या रोजच्या कामातली.

"इत्ती-सी बात? लूण नी हे तो शक्कर घोल दो, साब. इत्ता पानी में आधो सेर भोत. नळी फट से ऊपर अई जायगी."

बरणीत मासे तोंडं उघडत होते.

"तुझे कैसे मालूम?" शरच्चंद्ररावांनी हळूच विचारलं.

रघुवीरनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग तो फेटा सारखा करत बसला.

शरच्चंद्ररावांनी टाकीतल्या नळीकडे पाहिलं. मघाशी हिनंच साध्या मिठाच्या पाण्याला अठ्ठावीसचा मान दिला होता आणि ते स्वतः बसून बघत होते. पाणी घाला, साखर घाला, आकडा आपला जागेवर. कागदावर त्यांचं नाव छापलेलं होतं आणि बोर्डिंगात ऐंशी पोरं होती. त्यांना मनापासून लाज वाटली. बायकोकडे बघायचं धैर्य होईना.

कुमुदिनीबाई आत गेल्या आणि लोणच्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं मीठ घेऊन आल्या. नवऱ्यासाठी त्यांनी ते मुळीच काढलं नसतं. पण आज गोष्ट वेगळी होती. मूठ मूठ घालून, ढवळून, पाणी नेमकं पंचवीसवर आलं. बरणी हळूच टाकीत कलती झाली. मासे वाळूपर्यंत खाली गेले आणि लगेच उसळी मारून वर आले.

शरच्चंद्ररावांनी पेनाला टोपण लावलं. मेजावरचा बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला. नळी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पेटीत ठेवून दिली.

"रघुवीर," ते म्हणाले, "कल दूध मत लाना. भैंस लाना."