तिसरा घाणा

शेवेचा पहिला घास चावला मात्र, आणि अमिताच्या कानांतून वाफा निघाल्या. डोळे भरले, नाक वाहू लागलं, जीभ बधिर. तरी ती ओरडली ती आनंदाने.

"कळलं! अहो, कळलं मला!"

समोर परात घेऊन उभ्या असलेल्या नीरजचा चेहरा उतरला. नीरज मसाला विभागाचा प्रमुख. नव्या लवंग शेवेचा हा तिसरा घाणा. पहिला जाळ, दुसरा फिक्का, आणि आता पुन्हा जाळ. थोड्याच वेळात मालकीणबाई, सुहासिनीताई, स्वतः चाखायला येणार होत्या. आजही जमलं नाही तर ही शेव बंद आणि तिच्याबरोबर अमिताची जागाही. बेसन विभाग आणि मसाला विभाग जोडायला म्हणून तिला नेमलं होतं, पण ताईंनी परवाच सुनावलं होतं, "नुसते निरोप पोचवायला मला माणूस नको. फोन आहे ना!"

ते तिला फार लागलं होतं. निरोप तर ती इमानेइतबारे पोचवत होती.

"नीरज भिया, मागच्या वेळी सेव फिक्की झाली, तेव्हा तुम्ही काय केलं?"

"तुम्हीच तर बोललात, फिक्की आहे. लौंग वाढवली, और क्या!" माप मात्र त्याने सांगितलं नाही.

या कारखान्यात माप कुणी मोठ्याने बोलतच नसे. बेसन मळणारे मसालेवाल्यांना सांगत नसत, मसालेवाले त्यांना. उद्या कुणी उठून समोरच आपलं दुकान थाटलं तर? ताईंच्या सासऱ्यांनी, बाऊजींनी, घालून दिलेली ही शिस्त सगळे देवाच्या नेमासारखी पाळत होते.

अमिता चौक ओलांडून पळतच बेसन विभागात गेली. तिथले प्रमुख श्रीपादजी पिठाने पांढरे झाले होते.

"श्रीपादजी, तुम्ही पण लौंग वाढवली?"

"मग? तूच आली होतीस तोंड पाडून, फिक्की झाली म्हणून. बेसनातच घातली, चांगली दाबून."

"आणि आधी तिखट झाली होती तेव्हा?"

"तेव्हा कमी केली. बेटा, तू म्हणशील तसंच तर करतो. वरून माझीच शिकायत?"

अमिताला हसू आवरेना. एकाच तापावर दोन डॉक्टरांनी पुरेपूर गोळ्या द्याव्यात, तसं चाललं होतं. आणि दोन्ही डॉक्टरांकडे धावणारी ती स्वतः! एकाचं दुसऱ्याला तिने कधी सांगितलंच नव्हतं. लाज वाटायला हवी होती, वाटलीही, पण आनंद इतका झाला होता की लाजेला जागाच उरली नाही. तिने श्रीपादजींचा पिठाळ हात धरला आणि ओढतच नेलं.

"अगं, माझी कढई!"

"बघतील बाकीचे! चला तुम्ही."

नीरजच्या पुढ्यात त्यांना उभं करून ती म्हणाली, "आता दोघांनी एकमेकांना माप सांगा. इथेच."

भर चौकात अंघोळ करायला सांगितल्यासारखे दोघांचे चेहरे झाले.

"बाऊजींना शब्द दिलाय मी," श्रीपादजी म्हणाले.

"मग मी काय म्हणून सांगू?" नीरज म्हणाला.

 अमिताने परातीतली मूठभर शेव श्रीपादजींच्या हातावर ठेवली. त्यांनी तोंडात टाकली, आणि असे काही शिंकले की नीरजच पाणी घेऊन धावला.

"अबे, किती घातलीस रे?" श्रीपादजींचा आवाज बसला होता.

"तुम्ही किती घातली, ते बोला ना आधी!"

 तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. ताईंची गाडी. श्रीपादजींनी फाटकाकडे पाहिलं, नीरजकडे पाहिलं, मग तिच्याकडे वळले.

"अमिता, तू बाहेर जा."

"मी?"

"जा म्हटलं ना. हे घरातलं बोलणं आहे."

मसाला विभागाचं दार लागलं. आतून कडीही सरकली.

सुहासिनीताई चौकात आल्या तेव्हा अमिता बंद दाराबाहेर उभी होती. नाक लाल, डोळ्यांतून पाणी.

"काय झालं? सेव कुठे आहे?"

"आत आहे, मॅडम."

"मग तू बाहेर काय करते आहेस?"

आतून नीरजचं "इतनी?" ऐकू आलं. मग दोघांची जुंपली, एक डबा आपटला, आणि कुणीतरी खो खो हसलं. दोघांपैकी कोण, ते तिला कळलं नाही. श्रीपादजींना हसताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"त्यांनी मला हाकललं, मॅडम!" अमिता म्हणाली. पहिला नंबर आल्याचं सांगावं, तसा तिचा आवाज लागला होता.

सुहासिनीताईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दार ठोठावायला हात उचलला.

अमिता दाराला पाठ लावून आडवी उभी राहिली.

"थोडं रुका ना, मॅडम. आत्ता कुठे बोलायला लागलेत."