दिवेलागणीचं दार

भावांच्या नाकावर टिच्चून विनिताने चौक गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी एकटीसाठी घर घेतलं. शेजारच्या सोनुबाईने बजावलं, "दिवेलागणीला दार लावू नको गं."

ते तर कोणीच लावत नाही; लक्ष्मी यायची वेळ ती. पण विनिताचं दार सताड उघडं असलं, तरी पाण्यात पडलेल्या तिच्या घराच्या प्रतिबिंबात दार रोज बंदच दिसायचं.

एका संध्याकाळी तिचं डोकं फिरलं. "तुझं बंद, तर माझंही बंद!" पायरीवर येऊन तिने दार धाडकन ओढलं आणि पाण्याकडे वळून पाहिलं.

पाण्यातलं दार उघडलं.

तिच्या पाठीमागे आतून कडी लागली.

"कोण हाय आत?" विनिताने दारावर मुठी आपटल्या. "घर माझं हाय!"

आतून तिच्याच आवाजात, तितक्याच तोऱ्यात उत्तर आलं, "मग बाहेर कोण हाय?"