कानामागची बट

पार्लरवालीची जिवलग वर्गमैत्रीण सातवीत असताना तापाने गेली, त्याला तीस वर्षं झाली. त्या मैत्रिणीची आई अजूनही दर महिन्याला केस कापायला तिच्याकडेच येते. कापण्याजोगे केस आता उरलेले नाहीत. पार्लरवाली नुसती हवेत कात्री चालवते आणि मावशी आरशात स्वतःला सोडून तिलाच न्याहाळत बसतात. त्यांना आपलं वाढलेलं वय दिसू नये म्हणून ती पाच वर्षं न चुकता स्वतःचे केस काळे करत आली आहे.

आज मावशींनी तिला हाताने खाली वाकवलं. तिच्या कानामागे एक पांढरी बट राहून गेली होती.

"रंग लावायचा राहिला, मावशी," ती कोरडेपणाने म्हणाली.

मावशींनी बट बोटांत धरली आणि चक्क हसल्या.

"असू दे गं. म्हाताऱ्या व्हायला लागलात की दोघी!"