आमीननंतर

आजोबा खुर्चीचा हात धरून उठून उभे राहिले आणि सानझारनं दचकून लॅपटॉपकडे पाहिलं.

हे ठरलेलं नव्हतं. कझाकस्तानातल्या शिम्केंत शहराच्या त्या हॉलमध्ये आयजानला सासरी धाडताना आशीर्वाद म्हणायचा तो सूत्रसंचालकानं. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आल्यापासून आजोबांच्या तोंडून ‘हो’, ‘नाही’च्या पलीकडे शब्द फुटला नव्हता. आशीर्वाद झाला की ढोल, मग कर्णे, मग नवरी दाराकडे. हे सगळं नवरीच्या भावानं, म्हणजे सानझारनंच, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम लिहून बसवलेलं. प्रत्येक ठोक्याची वेळ आधीच नेमलेली. “मला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही,” अशी त्याची सकाळपासून फुशारकी चालली होती.

“बाळ...” आजोबा म्हणाले.

आयजाननं दोन्ही तळवे वर करून पसरले. मागोमाग सगळ्यांनी पसरले.

“तुझ्या... चुलीला...” खोल विहिरीतून भरली बादली ओढावी तसा एकेक शब्द वर येत होता. आईला हुंदका आवरेना. बापाचा आवाज ती किती महिन्यांनी ऐकत होती!

सानझारनं घाईघाईनं थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर ‘थांबलं’ असं आलं. त्यानं सुस्कारा सोडला, आणि ढोल कडाडले.

जुना लॅपटॉप मध्येच अडखळू नये म्हणून त्यानं अख्ख्या कडव्याचे ठोके आधीच ब्राउझरच्या घड्याळाच्या हवाली करून टाकले होते. बटणानं फक्त पुढचे ठोके पाठवणं बंद झालं. पाठवलेले रद्द करायचे तर त्यांतल्या प्रत्येकाची नोंद ठेवायला हवी होती, ती ठेवली नव्हती. लग्नातली वाजंत्री कोण कशाला थांबवेल? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ढोल ऐकून पाहुण्यांना वाटलं, झाला आशीर्वाद. सगळ्यांनी रीतीप्रमाणे तोंडावरून हात फिरवले. “आमीन!” खुर्च्या सरकल्या. बायका शाली सावरत उठल्या. सानझारनं स्पीकरची वायर खसकन उपटली तेव्हा कुठे आवाज बंद झाला. तोवर निम्मे लोक दाराशी पोचले होते.

“चला, चला! गाड्या उभ्यात बाहेर!” मामा ओरडले.

“मामा, थांबा ना! आजोबांचं व्हायचंय अजून.”

“अरे, आमीन झालं की! आमीन म्हटल्यावर आशीर्वाद पुन्हा उघडतात होय रे? ऐन निघताना अपशकुन नको.”

आयजानचे तळवे अजून तसेच पसरलेले होते. ती आजोबांकडे बघत होती. आजोबांचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. ती थांबली. आणखी थोडी थांबली. मग मावशीनं तिच्या कोपराला धरून तिला उठवलं.

सानझारच्या टेबलापाशी ती क्षणभर घुटमळली.

“एवढं तरी ऐकू द्यायचं होतंस, दादा,” ती हळूच म्हणाली.

माहेर सोडताना मुलीनं मागं वळून बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही. रीत म्हणून की राग म्हणून, ते सानझारला कळलं नाही, आणि ते न कळणं त्याला जन्मभर पुरणार होतं.

गाड्या गेल्या. पोरी टेबलांवरचे उरलेले बौरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पिशव्यांत भरू लागल्या. आजोबा आपल्या खुर्चीत परत बसले होते. सानझार त्यांच्या पायांशी जाऊन बसला.

“आजोबा, माझं चुकलं. फार चुकलं.”

आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांची मान ताठ झाली, कपाळाची शीर फुगली. बराच वेळ ते झगडले. मग शब्द आले, सुटे सुटे, पण अगदी स्पष्ट.

“छान... वाजवलंस.”